निरोपाच्या दुसऱ्या दिवशी

बाई : अहो, केकसुद्धा कापला आम्ही!

बाबा : कधी?

बाई : शुक्रवारी. शेवटच्या तासाला. मुख्याध्यापकांनी भाषण केलं, मुलींनी रडून घेतलं, मीसुद्धा… जाऊ द्या. आणि आज सकाळी हजेरी घेताना मान वर करून बघते, तर ही आपली पहिल्या बाकावर हजर. दप्तर, डबा, पाण्याची बाटली, सगळ्यासकट.

बाबा : मीच सोडलं सकाळी फाटकाशी. रोजच्यासारखं.

बाई : तेच तर विचारतेय. पोरीचा निरोप समारंभ झालाय आणि तुम्ही तिला रोजच्यासारखं शाळेत सोडता?

बाबा : मला कुणी सांगितलंच नाही, समारंभ झाला म्हणून. शुक्रवारी घरी आली तेव्हा गालाला क्रीम होतं. मी विचारलं, कुणाचा वाढदिवस होता का. म्हणाली, साधारण तसंच.

बाई : बसा ना. त्या बाकावर नको, त्याचा पाय हलतो. ह्या.

बाबा : हा पण हलतो.

बाई : हा कमी हलतो. हे बघा, मला एकच सांगा. बदली झालीय की नाही?

बाबा : कुणाची?

बाई : तुमची! आणखी कुणाची?

बाबा : माझी बदली होत नाही, बाई. मी घरी बसून यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं करतो. सैन्यात आमची ही आहे. मेजर. बदली तिची होते. माझी नुसती हलवाहलव होते.

बाई : अगं बाई! पण मागे पालकसभेला तुम्ही आला होतात, केस बारीक कापलेले, ताठ बसलेले…

बाबा : पाठ धरते माझी. ट्रंका उचलून उचलून.

बाई : आणि मुख्याध्यापकांनी भाषणात सांगितलं, वडील सीमेवर पहाऱ्याला उभे आहेत म्हणून आपण इथं सुखानं केक खातोय.

बाबा : शुक्रवारी त्या वेळी मी दवाखान्यात उभा होतो. पाठीसाठीच. बसायला जागा नव्हती, एवढं मात्र खरं.

बाई : बरं, मग त्यांची झालीय का बदली? मेजरबाईंची?

बाबा : नाही.

बाई : नक्की?

बाबा : नक्की असं… हे बघा, कालपर्यंत मी नक्की म्हटलं असतं. आता तुम्ही केक कापलाय म्हणताय.

बाई : म्हणजे काय? स्वतःच्या बायकोची बदली तुम्हाला माहीत नाही?

बाबा : घरात बदलीची बातमी मला सगळ्यात शेवटी कळते. ही रविवारी फोन करते तेव्हा आधी लेकीशी बोलते. मग लेक फोन माझ्याकडे देते आणि आतून रिकामी खोकी आणते. त्यावरून मी ओळखतो.

बाई : काल खोकी आणली?

बाबा : काल नाही आणली. पण काल फोनच नीट लागला नाही, त्यांचा सराव चाललाय कुठं तरी जंगलात. खरं सांगायचं तर आता बदली व्हायला नको आहे. हिनं वरची जागा नाकारलीय. बढती होती. त्याऐवजी इथल्या कार्यालयात खुर्चीवरचं काम मागून घेतलंय, पोरीची शाळा संपेपर्यंत. पुढच्या महिन्यात येतेय ती राहायला. कायमची. म्हणजे आमच्या मानानं कायमची.

बाई : चला, म्हणजे पोरगी खोटं बोलली.

बाबा : किंवा मला कळलेलं नाही.

बाई : अहो, एक काही तरी ठरवा! मला मुख्याध्यापकांना सांगायचंय. ते आज सकाळपासून धुमसतायत. त्यांच्या भाषणाचा फोटो व्हरांड्यातल्या फलकावर लागलाय, आणि फोटोखालून ही डबा घेऊन ये-जा करतेय. येणारी-जाणारी पोरं एकदा फोटोकडे बघतात, एकदा हिच्याकडे.

बाबा : फोटो काढून टाकता नाही येणार?

बाई : तो चिकटवलाय हो. आणि त्यांचं म्हणणं सरळ आहे. बदली झाली असेल तर दाखला तयार आहे, घ्या आणि सुखानं जा. झाली नसेल, तर उद्या सकाळी प्रार्थनेनंतर तिनं सगळ्या शाळेपुढं माइकवर उभं राहून सांगायचं, मी खोटं बोलले, खोटं सांगून केक खाल्ला. मला ते नकोय. म्हणून शाळा सुटल्यावर तुम्हाला बोलावून घेतलं. सातवीतली पोर आहे. सगळ्या शाळेपुढं माइकवर उभी राहिली की संपलंच. मग ती खरोखर जाईल कुठं तरी.

बाबा : दाखला तयार आहे म्हणता?

बाई : हा बघा. आमच्याकडे माणसानं अर्ज करून चपला झिजवाव्यात तेव्हा कुठं दाखला हातात पडतो. हिचा कारकुनांनी न मागता लिहून ठेवलाय. पटावरून नावही कमी केलंय. म्हणजे आज दिवसभर माझ्या वर्गात बसलेली मुलगी कागदोपत्री कुठंच नव्हती.

बाबा : वर्तणूक ‘उत्तम’ लिहिलीय.

बाई : शुक्रवारपर्यंत होती.

बाबा : पण बाई, मला न विचारता एवढं सगळं केलंत? पोरीनं सांगितलं आणि तुम्ही केक आणलात?

बाई : वा! आम्ही खात्री केली म्हटलं. आमचे कारकून तुमच्याच इमारतीत राहतात, तिसऱ्या मजल्यावर. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. तुम्ही जिन्यात उभे राहून खालच्या काकांना सांगत होतात, आमचं काही खरं नाही, बदली आलीच आहे म्हणून समजा.

बाबा : …ते वेगळं होतं.

बाई : वेगळं म्हणजे? आणखी एक बदली आहे?

बाबा : नाही हो. ते मला इमारतीचा सेक्रेटरी करायला निघाले होते. आधीचा सेक्रेटरी पाण्याच्या टाकीवरून सगळ्यांशी भांडून बसलाय. हे तिथं कोरं माणूस शोधत होते, कुणाशी अजून न भांडलेलं. मी दिसलो.

बाई : म्हणून तुम्ही बदली आणलीत.

बाबा : सवय आहे. इतक्या गावांत ती कामाला आलीय. आणि दर वेळी खरीच ठरायची, आज ना उद्या. त्यामुळे खोटं बोलतोय असं वाटतच नाही. नुसतं थोडं लवकर बोलतोय असं वाटतं.

बाई : पोरगी होती तिथं?

बाबा : कुठं?

बाई : जिन्यात.

बाबा : भाजीची पिशवी धरून उभी होती.

बाई : धन्य आहे. तुमची ही विद्या तिनं चांगलीच उचललीय. गणितात मात्र काही उचललं नाही.

बाबा : गणिताचं काय झालं आता?

बाई : अपूर्णांकांत पैकीच्या पैकी. झोपेत विचारा. त्रिकोण काढायला सांगा, तोंडाकडे बघत बसते.

बाबा : ती ज्या ज्या शाळेत गेली, तिथं तेव्हा अपूर्णांक चालू होते. त्रिकोण एक तर होऊन गेलेले असायचे, नाही तर आम्ही निघून गेल्यावर व्हायचे. इतिहासाचंही तेच. राज्यक्रांती झाली हे तिला तीनदा शिकवलंय. पुढं काय झालं, ते अजून कळलेलं नाही.

बाई : समुपदेशक येतात ना बुधवारच्या, त्यांनी तिला घर काढायला सांगितलं. तिनं ट्रक काढला. त्या बिचाऱ्या घाबरल्या. मला म्हणाल्या, हिच्या मनात खोल काही तरी आहे.

बाबा : मागच्या बाजूला दोरी बांधलेलं कपाट काढलं होतं?

बाई : होतं.

बाबा : मग खोल काही नाही. ते आमचंच कपाट आहे. त्याचं दार लागत नाही.

बाई : अहो, मग दुरुस्त का नाही करत?

बाबा : बदली झाली की बघू, असं ठरलेलं होतं. स्वयंपाकघरातला नळ गळतो, त्याचंही तसंच ठरलंय. बदली येईपर्यंत बादली. बसायला ट्रंका आहेत, वर चादर घातली की सोफाच. पाहुण्यांना कळत नाही. म्हणजे पाहुणे आले असते तर कळलं नसतं.

बाई : पुढच्या महिन्यात मेजरबाई कायमच्या येतायत म्हणता. बादली तशीच?

बाबा : तेच माझ्या लक्षात आलं नव्हतं अजून.

बाई : मेजरबाईंना फोन लावून बघा पुन्हा. म्हणजे एक तरी गोष्ट पक्की होईल.

बाबा : लावतो… ‘संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे.’ तिला युद्धसरावात शत्रूनं घेरलंय, मला इथं तुम्ही.

बाई : विनोद पुरे. बाहेर व्हरांड्यात बसलीय ती, तिलाच बोलवा. इतका वेळ मी विचारून थकले. ‘सांगते’ म्हणते आणि गप्प बसते.

बाबा : बोचकं! ये गं आत.

बाई : काय म्हणता तिला?

बाबा : बोचकं. लहानपणी सामानावरच झोपायची. दर स्टेशनवर आम्ही मोजायचो, ट्रंका इतक्या, वळकट्या इतक्या, बोचकं एक.

बाई : वर्गात तिला ‘नवी’ म्हणतात. येऊन वर्ष होऊन गेलं तरी नवीच. हं, ये. उभी का? बस वडिलांच्या शेजारी. सांभाळून, तो बाक…

बोचकं : हलतो. माहितीय. मी दोन महिने बसायचे त्यावर.

बाबा : बोचकं, आईची बदली झालीय?

बोचकं : नाही.

बाबा : नक्की?

बोचकं : तुला माहीत नाही?

बाबा : मला माहीत होतं. बाईंनी गोंधळ घातला.

बाई : मी?

बाबा : म्हणजे गोंधळ झाला. मग तू बदली झाली असं का सांगितलंस?

बोचकं : व्हायलाच आली होती.

बाबा : आपलं ठरलं ना आता इथंच राहायचं? आई फोनवर बोलली, आपण आइसक्रीम आणलं. तू खाल्लंसही.

बोचकं : मी विचारलं होतं, कधीपर्यंत. तुम्ही म्हणालात, शाळा संपेपर्यंत.

बाबा : बरोबर. तुझ्यासाठीच तर…

बोचकं : पण मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आधी सांगितलं असतं तर मी तसं केलं नसतं.

बाई : काय केलं नसतंस?

बोचकं : तुम्ही रागवाल.

बाई : हे बघ, मी रागावणार नाही. रागावायचं ते सकाळीच संपलंय माझं.

बोचकं : खारूचं सांगून टाकलं सगळ्यांना.

बाबा : खारू कोण?

बाई : हिची मैत्रीण. पेन्सिली कुरतडते सगळ्या, म्हणून खारू. एका डब्यात जेवायच्या दोघी. काय सांगून टाकलंस?

बोचकं : तिला घड्याळ कळत नाही.

बाई : काय?

बोचकं : काट्यांचं. मोबाइलवरचं कळतं. काट्यांचं नाही कळत. तिनं फक्त मला सांगितलं होतं. मी शिकवणार होते. मग खेळाच्या तासाला तिनं मला संघात घेतलं नाही. म्हणाली, तू काय, आज आहेस उद्या नाहीस. मग मी सगळ्यांसमोर तिला विचारलं, भिंतीवर किती वाजलेत सांग.

बाबा : मग?

बोचकं : ती बघत राहिली. सगळे हसले. अजून हसतात. मधल्या सुट्टीत येऊन विचारतात, खारू, किती वाजले?

बाई : अरे देवा. म्हणून ती हल्ली माझ्याकडे टेबलाशी येऊन बसते होय सुट्टीत. मला वाटलं, माझ्यावर जीव जडलाय.

बाबा : माफी मागितलीस तिची?

बोचकं : नाही.

बाबा : का?

बोचकं : आपण जाणार होतो ना! दर वेळी तसंच होतं. आधीच्या गावात त्या जुळ्या बहिणींशी भांडण झालं, तेव्हा तूच म्हणालास, सोड, पुढच्या महिन्यात आपण इथं असणार आहोत का? त्याच्या आधीच्या गावात मी गायनाच्या सरांची नक्कल केली आणि ते मागेच उभे होते, तेव्हा आई म्हणाली, जाऊ दे, ट्रक आलाच आहे. भांडण झालं की थोडं थांबायचं. मग ट्रक येतो. मग सगळे रडतात, पत्ता मागतात आणि कुणाला काही आठवत नाही. मी थांबले होते. आणि तुम्ही आइसक्रीम आणलंत.

बाई : आता बोला.

बाबा : मी ऐकतोय.

बोचकं : मग मी बुधवारी खारूला सांगितलं, बदली आलीय. ती लगेच बोलायला लागली. सगळ्यांनाच तिनं सांगितलं, आता नवीला कुणी काही बोलायचं नाही. वर्गणी पण तिनंच काढली. आणि मला हे दिलं.

बाबा : हे घड्याळ तिचं आहे? काट्यांचं?

बोचकं : तिच्या आजीनं दिलं होतं तिला. म्हणाली, मला नाहीतरी कळत नाही यातलं, तू ने. तिकडं कुणी तरी वेळ विचारेल तेव्हा माझी आठवण काढ.

बाई : आणि आज तू ते घालून आलीस?

बोचकं : खिशात ठेवलं होतं.

बाई : ती काय म्हणाली तुला बघून?

बोचकं : तिला आधी खूप आनंद झाला. पळत आली. म्हणाली, रद्द झाली? मी म्हटलं, नाही. म्हणाली, मग कधी जाणार? मी म्हटलं, माहीत नाही. मग तिला हळूहळू कळलं. मग ती जागेवर जाऊन बसली.

बाबा : पण बोचकं, सोमवारी काय करायचं, हे तू शुक्रवारी ठरवलं नव्हतंस?

बोचकं : निरोपाच्या दुसऱ्या दिवशी काय करतात ते मला माहीतच नाही. निरोप झाला की आपण जातो. सकाळी उठले तर तू डबा भरत होतास. मला वाटलं तू काही तरी म्हणशील. तू म्हणालास, बूट घाल.

बाई : शाळेला दांडी मारायची एखादा दिवस. पोट दुखतंय म्हणायचं. आमच्याकडची पोरं जन्मतःच शिकून येतात हे.

बोचकं : त्यानं काय होणार? मंगळवार येतो ना.

बाई : तेही खरं.

बोचकं : बाबा, एक विचारू? आईनं ज्या जागेला नाही म्हटलं, तिला पुन्हा हो म्हणता येतं का?

बाबा : का?

बोचकं : म्हणजे मग बदली खरीच होईल. कुणी खोटं बोललेलं राहणार नाही. दाखला पण आहे.

बाबा : तशी… तिनं लेखी अजून काही दिलेलं नाही. सरावाहून परतल्यावर देणार आहे.

बाई : म्हणजे होऊ शकतं?

बाबा : एका फोनचं काम आहे. तिला बढती मिळेल. माझीही त्या टाकीच्या राजकारणातून सुटका होईल. ट्रंका तशाही रिकाम्या केलेल्या नाहीत. खोकी मिळतात कोपऱ्यावर…

बाई : अहो!

बाबा : मी नुसता विचार करतोय मोठ्यानं.

बाई : तुमचा विचार बांधून तयार झालासुद्धा, वर दोरीही बसली. घ्या मग हा दाखला. वर्तणूक उत्तम आहे, कुठंही चालेल. तिकडं पुन्हा अपूर्णांक चालू असतील.

बाबा : रागावू नका, बाई. खरं सांगतो, मला दुसरं काही येत नाही. फुटणारी वस्तू कागदात गुंडाळून ट्रकमध्ये कशी ठेवायची ते मला विचारा. फुटल्यावर काय करायचं, ते मला माहीत नाही. आम्ही फुटलेलं मागे ठेवून येतो.

बोचकं : म्हणजे फोन लावणार?

बाबा : …बोचकं, तुला जायचंय का इथून?

बोचकं : माहीत नाही.

बाबा : म्हणजे?

बोचकं : जायचं नाहीये. पण उद्या इथं यायचं पण नाहीये. दोन्ही एकदम करता येतं का?

बाबा : मीही तेच शोधत असतो गं.

बाई : मी सांगू का? मी ह्याच शाळेत शिकले. ह्याच शाळेत शिकवते. ह्या खोलीचं छत गळतं तेही मी लहानपणापासून बघतेय. आणि त्या समोरच्या वर्गातल्या गणिताच्या बाई दिसतात ना, त्यांचं आणि माझं कित्येक वर्षांपूर्वी वाजलं.

बोचकं : कशावरून?

बाई : स्नेहसंमेलनाच्या पडद्यावरून. तो कुणी शिवायचा आणि कुणी मिरवायचा यावरून. आमच्या बाबतीत ट्रक काही आला नाही. दुसऱ्या दिवशी आठ वाजता दोघी याच व्हरांड्यात. तिसऱ्या दिवशीही.

बोचकं : मग मिटलं?

बाई : छे! अजून मिटलेलं नाही. पण माझा खडू संपला की मी त्यांच्याकडचा आणते. त्यांना चक्कर आली होती तेव्हा त्यांच्या वर्गावर मी बसले. बोलत नाही आम्ही फारसं. काही भांडणं मिटत नाहीत, नुसती जुनी होतात. जुनी झाली की तेवढी टोचत नाहीत.

बाबा : हे काही फार आशादायक नाही, बाई.

बाई : मी आशेचं कुठं म्हणाले? उद्या काय करायचं ते विचारत होतात, ते सांगितलं. उद्या यायचं.

बोचकं : आणि माइकवर बोलायचं?

बाई : मुख्याध्यापकांचं मी बघते. त्यांना सांगते, बदली रद्द झाली.

बाबा : पण बदली नव्हतीच.

बाई : तुमच्या सैन्यात रद्द होत नाहीत का बदल्या?

बाबा : होतात. पुष्कळ होतात.

बाई : झालं तर. त्यांना आणखी एक भाषण करायला मिळेल, स्वागताचं. फोटोवर फोटो चिकटेल. त्यांना खरं सांगून कुणाचं काय भलं होणार आहे? खारूला मात्र खरं सांगायचं. तिथं रद्दबिद्द चालणार नाही.

बोचकं : काय सांगू?

बाई : जे झालं ते.

बोचकं : सगळं? बदली नव्हती ते पण?

बाई : ते तिला कळलंच आहे. तू म्हणायचं राहिलंय फक्त.

बोचकं : बाबा, तू येतोस?

बाबा : मी येऊन काय करू?

बोचकं : सामान धर.

बाबा : घड्याळ एवढंच तर सामान आहे. ते तुलाच धरायला लागेल.

बाई : फाटकाशी असेल ती. तिची आजी उशिरा येते न्यायला. जा, आहे तोवर जा.

(बोचकं घड्याळ मुठीत धरून जाते. दार लागत नाही, नुसतं आपटून परत उघडतं.)

बाबा : दिसतायत का इथून?

बाई : फाटक दिसतं. त्या मात्र खांबाआड आहेत. एक वेणी दिसतेय.

बाबा : कुणाची?

बाई : खारूची. हलत नाहीये.

बाबा : हलत नाही म्हणजे चांगलं की वाईट?

बाई : मला काय माहीत? मी वेणीवरून ओळखत नाही.

बाबा : बाई, तो फोन मी खरंच लावला असता. तुम्ही ‘अहो’ म्हणाला नसतात तर.

बाई : लागला नसता. संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहेत ना त्या.

बाबा : तेवढ्यावर संसार टिकलाय. बरं, ह्या दाखल्याचं काय करायचं? कारकुनांना परत देऊ?

बाई : नको, ते पुन्हा फायलीला लावतील आणि पुढच्या वर्षी हिला काढून टाकतील. द्या इकडं. जरा उठा.

बाबा : काय करताय?

बाई : पाय उचला तुमचा. बाकाचा नव्हे हो, तुमचा! हं. एक घडी, आणखी एक घडी. जाड कागद वापरतात मेले, एरवी कामाला येत नाही. आता बसून बघा.

बाबा : हलत नाही.

बाई : वर्षभर जाईल. मग दुसरी घडी करायची. तुमच्या त्या कपाटालाही लावता येईल असं काही तरी.

बाबा : दाराला घडी चालणार नाही. सुतार बोलवावा लागेल. सुतार कुठं मिळतो इथं?

बाई : तुम्ही वर्षभर राहताय इथं!

बाबा : खालच्या काकांना विचारतो. ते म्हणतील, आधी सेक्रेटरी व्हा.

बाई : आली बघा ती. चालतेय, पळत नाहीये. काही विचारू नका लगेच.

बाबा : नाही विचारत. काय झालं गं?

बोचकं : सांगितलं.

बाबा : सगळं?

बोचकं : हो. मध्ये तिची आजी आली, तर आजीसमोर पण थोडं सांगितलं.

बाई : घड्याळ घेतलं तिनं?

बोचकं : घेतलं. दप्तरात टाकलं. हातात नाही घातलं.

बाबा : काही बोलली?

बोचकं : म्हणाली, उद्या माझ्या शेजारी बसायचं नाही.

बाबा : अरेरे. वाईट झालं.

बोचकं : नाही बाबा. उद्या म्हणाली ना.